वहीची पानं कोरी झाली, पण अक्षरं गेलेली नाहीत

ताई, आधी वही वाचवू, मग पेनांबद्दल बोलू.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नववीतल्या मुलाला मामाने खोडता येणारं पेन भेट दिलं. त्याने विज्ञानाची प्रयोगवही त्याच पेनाने लिहून काढली. एप्रिलच्या दुपारी दप्तर स्कूटीच्या डिक्कीत राहिलं आणि संध्याकाळी उघडून पाहिलं तर सात-आठ पानं कोरी. पेन बनावट निघालं का, असली वेगळी पेनं घ्यावीत का, आणि घ्यायचीच तर कुठली, हे तुमचे प्रश्न. सोलापुरात नवी पेठेत पेनविक्री आणि दुरुस्तीचं काउंटर मी एकतीस वर्षं चालवतोय. दर उन्हाळ्यात अशी एखादी कोरी वही माझ्याकडे येतेच.

वही प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून बाहेर काढा, तोंड घट्ट बांधा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. दोन दारांच्या फ्रीजचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, त्यात बहुतेक अक्षरं परत येतात. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा एवढा गार होईलच असं नाही. तुमच्याकडे तोच असेल तर ओळखीच्या आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायची विनंती करा. सकाळी पिशवी लगेच उघडू नका. बाहेरच्या दमट हवेचं पाणी गार कागदावर धरतं. अर्धा तास तशीच राहू द्या, मग उघडा आणि पहिल्यांदा प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. अक्षर थोडं फिकं दिसेल, पण वाचता येईल. एक गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवा: त्याने चुकलं म्हणून जे खोडलं होतं, तेही परत येणार आहे. चूक आणि दुरुस्ती एकावर एक दिसतील, गोंधळून जाऊ नये.

आता पेन बनावट होतं का? नाही. ते ज्यासाठी बनवलंय तेच त्याने केलं. या पेनाच्या मागे जो रबरासारखा गोळा असतो, तो शाई खरवडत नाही. तो घासल्यावर कागद गरम होतो, एवढंच त्याचं काम. म्हणूनच त्याचा चुरा पडत नाही. शाईत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत तीन पदार्थ: एक रंगाचा, दुसरा त्या रंगाला फुलवणारा आणि तिसरा तापमान सांभाळणारा. साधारण ६० अंशांच्या वर तिसरा वितळतो आणि पहिल्या दोघांची ताटातूट करतो. रंग मावळतो. शाई मात्र कागदावर तशीच असते. थंड झाल्यावर ती लगेच परत का येत नाही, हे यातलं खरं कसब आहे. नुसतं ६० च्या खाली येऊन भागत नाही, शून्याच्याही बरंच खाली, उणे १० ते २० पर्यंत जावं लागतं, तेव्हा ते दोघे पुन्हा जुळतात. एकदा जुळले की पुन्हा ६० पर्यंत हलत नाहीत. जाण्याचं आणि येण्याचं तापमान इतकं लांब ठेवणं सोपं नव्हतं. जपानच्या पायलट कंपनीने रंग बदलणाऱ्या शाईचं काम १९७५ च्या सुमारास केलं होतं, आणि त्यावर बेतलेलं ‘फ्रिक्शन’ पेन बाजारात यायला २००६ साल उजाडलं. तेही आधी युरोपात, मग जपानमध्ये.

आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४३-४४ ला टेकतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या पुढे जातो, आणि स्कूटीची डिक्की तर इंजिनाच्या डोक्यावरच असते. मुलाला हे पेन वापरू द्या, पण कच्च्या कामासाठी: गणिताचा सराव, नकाशे, आकृत्या. ज्या कागदाला लॅमिनेशन करायचं आहे त्यावर कधीच नाही, मशिनमधून कागद कोराच बाहेर येतो. परीक्षा, अर्ज, सही, चेक यांसाठी हे पेन वापरू नका, हे कंपनी स्वतःच पाकिटावर लिहिते.

चेकचा विषय निघालाच आहे तर. दुसऱ्याने पुढे केलेल्या पेनाने चेक लिहू नका, सही तर अजिबात नको. उडणारी शाई दोन तऱ्हेची असते. एक ही उष्णतेची. दुसरी आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जादूची शाई म्हणून मिळते तशी, शर्टावर निळा डाग पडतो आणि पाहता पाहता नाहीसा होतो. तिच्यात बहुधा थायमॉल्फ्थॅलिन नावाचा पदार्थ असतो. अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) असेपर्यंत तो निळा, अल्कली मारली की बिनरंगी. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओल्या शाईत विरघळतो आणि अल्कली मारतो. मुलगा नववीत आहे, त्याला हे करून दाखवा: तो डाग ‘गेल्यावर’ त्यावर चुन्याची निवळी लावली की निळा रंग पुन्हा उमटतो. हळदीत चुना मिसळला की लाल कुंकू होतं, तीच ही जात. अशी शाई खेळण्यापुरती ठीक, पण पैसे देऊन ती पेनात भरून घेऊ नका. फसवणूक करणाऱ्यांच्या हातात ती कशी वापरली जाते, हे कळलेलं मात्र बरं. रक्कम आणि नाव उडणाऱ्या शाईने लिहिलं जातं आणि सही पक्क्या शाईने घेतली जाते.

वेगळी पेनं घ्यावीत का, याला माझं उत्तर आहे, घ्या. पण आधी विचारा, हे पेन कुणाच्या अडचणीवर काढलेलं आहे? ज्या विचित्र पेनामागे खरी अडचण आहे ते वर्षानुवर्षं टिकतं. ज्याच्यामागे नुसती हौस आहे ते महिन्याभरात खणात जाऊन पडतं.

साध्या बॉलपेनचंच उदाहरण घ्या. आज दहा रुपयांना मिळतं म्हणून त्यात विशेष वाटत नाही, पण १८८८ साली अमेरिकेत जॉन लाऊड यांनी पहिलं पेटंट घेतलं ते चामड्यासारख्या खरखरीत पृष्ठभागावर खुणा करता याव्यात म्हणून. कागदावर ते धड चालेना. पुढे हंगेरीतले पत्रकार लास्लो बिरो यांना फाउंटन पेनाची शाई सुकेपर्यंत थांबणं आणि डाग पुसत बसणं नकोसं झालं. त्यांनी रसायन जाणणाऱ्या भावाला, ग्यॉर्गला, हाताशी धरलं आणि घट्ट शाईचं पेन केलं. १९३८ चं त्यांचं पेटंट. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाने ही पेनं घेतली, कारण उंचावर फाउंटन पेन गळतं आणि हे गळत नव्हतं. म्हणजे आज सगळ्यात साधं वाटणारं पेन त्या काळी सगळ्यात विचित्र होतं.

त्याच पेनाची पुढची अडचण माझ्या काउंटरवर नेहमी येते. भिंतीवर मापं लिहिणारे सुतार, खाटेशी उभं राहून कागद आडवा धरून लिहिणाऱ्या सिस्टर, खांबावर चढून मीटरचं रीडिंग घेणारे वायरमन, सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं: ‘काय ओ काका, रिफिल भरलेली आहे पण उमटत नाही.’ रिफिल चांगलीच असते. बॉलपेनमध्ये शाई स्वतःच्या वजनाने खाली टोकाकडे येते. टोक वर केलं की शाईचा खांब टोकातल्या गोळीपासून सुटतो, मध्ये हवा शिरते आणि गोळी कोरडी फिरते. झटकून उपयोग नसतो. रिफिल टोक खाली करून रात्रभर उभी ठेवली तर पुष्कळदा चालू होते.

यावरचा उपाय म्हणजे स्पेस पेन. अमेरिकेतल्या पॉल फिशर यांनी १९६५ च्या सुमारास ते काढलं. रिफिल चारी बाजूंनी बंद, मागे दाबाखाली भरलेला नायट्रोजन, मध्ये सरकणारी एक बुच आणि पुढे शाई. आतला दाब साधारण स्कूटरच्या चाकात आपण भरतो तेवढा. पण नुसता दाब दिला तर शाई टोकातून बाहेर ओघळेल. म्हणून शाईही वेगळी. एरवी जवळजवळ घट्ट आणि गोळी फिरली की तेवढ्यापुरती पातळ. सॉसची बाटली हलवल्याशिवाय सॉस खाली येत नाही, तसं. हे पेन उलटं धरून, ओल्या कागदावर, तुपकट कागदावर चालतं. आपल्या उन्हात आणि काश्मीरच्या बर्फातही चालतं.

या पेनाबद्दल एक गोष्ट गिऱ्हाईक मला हमखास ऐकवतात: अमेरिकेने पेनावर लाखो डॉलर उधळले आणि रशियाने पेन्सिल वापरली. ही गोष्ट खरी नाही आणि ती मुलांना सांगू नये. पेन फिशर यांनी स्वतःच्या पैशाने तयार केलं. नासाने ४०० पेनं विकत घेतली, एकेक तीन डॉलरच्याही आत, आणि १९६८ च्या अपोलो ७ मध्ये ती गेली. त्याआधी नासाने पेन्सिलीच घेतल्या होत्या, त्याही १२८ डॉलरच्या वर एकेक, आणि त्यावरून तिथे ओरड झाली होती. पेन्सिल अवकाशात धोक्याची असते. टोकाचा तुकडा मोडला तर खाली पडत नाही, तरंगत राहतो, आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. लाकूड पेटतं. १९६७ च्या जानेवारीत अपोलो १ च्या आगीत तीन अंतराळवीर गेले होते, त्यानंतर पेटणारी वस्तू आत नकोच होती. रशियानेही १९६९ साली हीच पेनं घेतली. तुमच्या मुलासाठी हे पेन नको, काही हजारांचं आहे. सुताराला किंवा वायरमनला मात्र मी ते मनापासून सुचवतो. परवडत नसेल तर जाड टोकाची पेन्सिल, ती भिंतीवर कधी दगा देत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग, शाईची पेनं. इथे नवलाई पेनाच्या बाहेर नसते, पोटात असते. शाई आत घ्यायची कशी, या एका प्रश्नावर लोकांनी पन्नास वर्षं डोकी लढवली. आपल्याकडे सगळ्यात साधी रीत, ड्रॉपरने नळीत शाई भरायची. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, पुढे तोच कॅम्लिन झाला, आणि त्यांची दौत आमच्या पिढीच्या प्रत्येक बाकावर होती. पण निब दौतीत बुडवून शाई आत ओढायची म्हटली की निब पुसावी लागते, बोटं रंगतात. १९५२ साली शेफर कंपनीने ‘स्नॉर्कल’ काढलं: मागचा भाग फिरवला की निबच्या खालून सुईसारखी बारीक नळी बाहेर येते, तीच शाईत बुडवायची, निब कोरडीच. चार वर्षांनी पार्करने ‘६१’ काढलं, त्यात हलणारा एकही भाग नाही. पेनाची मागची बाजू शाईत उभी करायची आणि थांबायचं. दिव्याची वात तेल ओढते तशी आतली गुंडाळी शाई ओढून घेते. बाहेरून पुसावंही लागत नाही, शाई त्याला चिकटत नाही. एका निवृत्त प्राध्यापकांचं असं पेन माझ्याकडे आलं होतं, वीस वर्षं कपाटात पडलेलं, आत शाई वाळून दगड झालेली. अशा वेळी घाई करून चालत नाही. साधं कोमट पाणी, दिवसातून दोनदा बदलायचं, दाब अजिबात द्यायचा नाही. नऊ दिवसांनी पाणी स्वच्छ आलं. सरांनी काउंटरवरच उभं राहून एक ओळ लिहिली, आणि त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

तुमच्या घरी कुणाचं जुनं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, ड्रॉपरवालं पेन असेल आणि ते उन्हाळ्यात शाई ओकत असेल, तर पेन बिघडलंय असं समजू नका. शाई कमी झाली की नळीत हवा जास्त होते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला निबखालच्या जिभेतून बाहेर ढकलते. पाव नळी उरली की भरून टाका, ओकणं थांबतं. दोन-अडीचशे रुपयांचं निब-जीभ बदलायचं काम त्यासाठी कुणी सांगितलं तर करू नका.

सोलापूरच्या कोरड्या उन्हात टोपण पाच मिनिटं उघडं राहिलं की निब सुकते. त्यावर मला पटलेलं उत्तर पायलटच्या ‘कॅपलेस’चं. शाईचं पेन, पण बॉलपेनसारखं खटक्याचं. खटका दाबला की आतलं छोटं झाकण उघडून निब बाहेर येते, पुन्हा दाबला की निब आत आणि झाकण बंद. खिशाची पट्टी निबच्या बाजूला असते, त्यामुळे खिशात पेन आपोआप निब वर करून राहतं. लिहिताना ही पट्टी बोटांच्या मध्ये येते. ज्यांची पकड सरळ आहे त्यांना ती त्रास देत नाही, वाकड्या पकडीच्या माणसाने आधी हातात धरून बघावं.

मुलगा सुंदर अक्षराच्या वर्गाला जातो असं तुम्ही ओघात लिहिलंय, म्हणून हेही सांगतो. ऑनलाइन ‘कॅलिग्राफी पेन’ म्हणून जे सेट मिळतात, त्यांच्या निबा रोमन लिपीसाठी कापलेल्या असतात. देवनागरीचा बोरू त्याच्या उलट तिरका कापतात. त्या सेटने मुलगा मराठी लिहायला बसला की जाड रेघ जिथे हवी तिथे बारीक येते, आणि त्याला वाटतं आपलाच हात चुकतोय. हात बरोबर असतो. आपल्याला उलट कापाची निब लागते, नाहीतर सरळ बांबूचा किंवा बोरूचा तुकडा घेऊन धारदार चाकूने काप द्यायचा. खर्च जवळजवळ काही नाही. तो कसा द्यायचा ते समोरासमोर दाखवावं लागतं, मुलाला घेऊन या.

चार रंगांच्या पेनांची एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी चादरीचं डिझाइन काढणारे कारागीर आलेख-कागदावर चौकोन भरत बसायचे, एक चौकोन म्हणजे एका धाग्याची जागा, त्यावरून पुढे जॅकार्ड मागाची भोकांची कार्डं. त्यांना सतत रंग बदलावा लागे. चार खटक्यांच्या पेनात चुकीचा खटका दाबला जायचा. त्यांच्यातल्या एकाने माझ्याकडे जर्मन बनावटीचं एकच खटका असलेलं पेन दुरुस्तीला आणलं. त्यात रंग निवडायला बटण नाही. हवा तो रंगीत ठिपका वर करून पेन आडवं धरायचं आणि खटका दाबायचा, तीच रिफिल बाहेर येते. आत एक छोटं वजन लोंबकळतं, ते नेहमी खाली राहतं आणि बरोबर रिफिलच्या मागे जाऊन बसतं. मी ते उघडलं तेव्हा बराच वेळ नुसतं बघत बसलो होतो. बिघाड इतकाच होता की त्या वजनाला शाईचा चिकटा लागला होता.

बाकीच्यांचं लवकर आटोपतो. टॉर्चचं, पंख्याचं, चॉकलेटच्या वासाचं पेन: गड्ड्यातून एखादं घ्या, आनंद होतो, पण बॅटरी संपली की आत साधीच रिफिल असते. न दिसणाऱ्या शाईचं, अतिनील (यूव्ही) दिव्यात उजळणारं पेन: घरातल्या वस्तूंवर नाव घालायला उपयोगी, एक ठेवावं. कॅमेऱ्याचं पेन: मी ठेवत नाही आणि मुलाच्या हातात देऊ नका, दुसऱ्याला न सांगता चित्रण करणं वाईटच. प्लास्टिक वितळवून हवेत आकृती काढणारं थ्रीडी पेन २०१३ पासून आहे. मोठ्यांच्या पेनाचं टोक २०० अंशांच्या आसपास तापतं. मुलांसाठी कमी तापमानाचं वेगळं मिळतं, तेच घ्या. न संपणारी पेन्सिल म्हणून सध्या जी खपते, तिचं टोक फार हळू झिजतं हे खरं, पण अक्षर फिकं उमटतं आणि फिक्या अक्षरावर मुलं जोर देतात.

आणि दुकानातलं माझ्या मते सगळ्यात विलक्षण लेखनसाधन पेन नाहीच. ब्रेलची पाटी आणि टोचणी. कागद पाटीत अडकवून मागून टोचायचा, म्हणजे उठाव दुसऱ्या बाजूला येतो. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं, आणि कागद पालटला की डावीकडून उजवीकडे सरळ वाचायचं. एक मुलगी माझ्याकडून टोचणी घेते, तिचा वेग बघून मला दर वेळी थांबावंसं वाटतं.

आता तुमच्या मुलासाठी. तो खोडून खोडून लिहितो, म्हणजे त्याला खोडता येणाऱ्या पेनाची गरज नाही, चांगल्या यांत्रिक पेन्सिलीची आहे. ‘कुरु तोगा’ नावाची जपानी पेन्सिल २००८ पासून मिळते. कागदावर टोक टेकून उचललं की आतली चक्रं शिसं ९ अंश फिरवतात, चाळीस वेळा टेकवलं की एक फेरा पूर्ण. त्यामुळे शिसं एका बाजूला झिजून चपटं होत नाही, शेवटच्या ओळीलाही रेघ पहिल्या ओळीइतकीच बारीक. इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून लिहिणाऱ्याला तिचा फायदा कमी, कारण त्याचा हात उचललाच जात नाही. आपल्या देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, वर शिरोरेषा, सारखा हात उचलतो, म्हणून आपल्याला ती नेमकी लागू पडते. ०.५ ची घ्या, शिसं एचबी. आकृत्या तिने काढू द्या. पक्कं लिखाण साध्या निळ्या बॉलपेनाने, रिफिल ०.७ ची.

वही परत आली की मुलाला ती पानं फोटोवरून बॉलपेनाने उतरवून काढायला सांगा, जून उजाडायच्या आत. फ्रीजरमधून आलेली मूळ पानं फाडून टाकू नका. पुढच्या वर्षी विज्ञानाच्या प्रदर्शनात तीच ठेवता येतील: अर्धं पान इस्त्रीच्या उबेने कोरं करायचं, अर्धं तसंच राहू द्यायचं, आणि शेजारी बर्फात मीठ घालून केलेलं गारवण. मिठाने बर्फ उणे १५ अंशांच्याही खाली जातो, तेवढ्यावर अक्षरं सगळ्यांसमोर परत उमटू लागतात.